राधेला दारातच का अडवावे?

कोजागरीची गीतसूची ठरविताना ‘राधा ही बावरी’ हे गाणे ‘कॉलेजच्या पोरांचे’ म्हणून आमच्याच एका बैठकीत वगळले गेले. वगळणाऱ्यांविषयी आम्हांस आदर आहे. त्यांच्या निर्णयाविषयी मात्र नाही.

पहिला आक्षेप असा की, हे गाणे तरुणांच्या लाडक्या गायकाच्या लोकप्रियतेवर तरले. स्वप्नील बांदोडकर यांच्या आवाजावर एक पिढी भाळली, हे खरेच. परंतु शब्द आणि चाल दोन्ही अशोक पत्की यांची. १९४१ साली जन्मलेले पत्की तेव्हा साठीच्या आसपास होते. म्हणजे ज्याला पोरकट म्हणून आपण नाक मुरडतो, ते आपल्याच वयाच्या माणसाचे काम आहे.

दुसरा आक्षेप, शब्द फार साधे. हे आम्ही अंशतः मान्य करतो. पाडगावकरांच्या कवितेशेजारी या गीताला बसविण्याचा आमचा हट्ट नाही. पण गीत कानांवाटे मनात उतरते, आणि तिथे साधेपणा हा दोष ठरत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: भक्तीच्या आडून प्रणय. मग बाराव्या शतकातील जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’चे काय करावे? नाथांच्या गौळणींचे काय? राधेच्या ठायी प्रीती आणि भक्ती यांची ताटातूट आपल्या परंपरेने कधी केलीच नाही. ती आज सिल्वासात बसून आपण कशाला करावी?

सिल्वासाचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. १९५४ साली ही भूमी पोर्तुगीजांच्या हातून मुक्त करणाऱ्यांत सुधीर फडके होते, आणि त्या कार्याच्या निधीसाठी लता मंगेशकर पुण्यात गायल्या होत्या. भावगीताशी आपल्या गावाचे नाते असे रक्ताचे आहे. ते भावगीतही एके काळी नवेच होते. जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ तबकडीवर आणली, तेव्हा तीही तरुणांचीच आवड होती.

आज आपली नातवंडे शाळेत इंग्रजी, बाजारात गुजराती आणि मित्रांत हिंदी बोलतात. त्यांना अथपासून इतिपर्यंत पाठ असलेली मराठी गाणी बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतले एक हे. तेच आपण सभागृहाबाहेर ठेवले, तर मुलेही बाहेरच राहतील. मग रिकाम्या खुर्च्यांपुढे अभिरुची जपल्याचे समाधान तेवढे आपल्या पदरी पडेल.

आमची सूचना साधी आहे. पुढील कार्यक्रमात आधी नाथांची गौळण व्हावी आणि तिच्या पाठोपाठ हे गाणे. गौळण ज्येष्ठांनी म्हणावी, गाणे मुलांनी. राधा दोन्हींकडे एकच आहे, हे कोणी समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.