नोंद नाही, म्हणून रोगही नाही?

अॅसबेस्टॉसच्या, म्हणजे लोकांच्या तोंडच्या 'सिमेंटच्या', पत्र्यांची बाजू घेणारे तीन मुद्दे हमखास मांडतात. आपल्याकडे वापरतात तो पांढरा अॅसबेस्टॉस. घातक तो निळा आणि तपकिरी. दुसरे, त्याचे तंतू सिमेंटमध्ये पक्के बसलेले असतात. आणि तिसरे, एवढे पत्रे आहेत, तर रुग्ण कुठे आहेत?

पहिला मुद्दा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केव्हाच निकालात काढला आहे. पांढऱ्यासह सर्व प्रकारच्या अॅसबेस्टॉसमुळे माणसाला कर्करोग होतो.

दुसरा मुद्दा अर्धा खरा आहे. धड, न फुटलेल्या पत्र्यापासून धोका कमी, हे मान्य. पण पत्रा छपरावर चढतो कसा? मिस्त्री तो ग्राइंडरने कापतो, हुकांसाठी ड्रिलने भोके पाडतो. पांढरी पूड त्याच्या भुवयांवर आणि शर्टावर बसते. हाताखालची बाई ती कोरड्या झाडूने लोटते, आणि तोच शर्ट घरी बायको झटकून धुते. त्या धुळीतले डोळ्यांना न दिसणारे तंतू फुप्फुसात खोल रुततात. कारखान्यात 'नियंत्रित वापर' एक वेळ जमेल. नाक्यावरून आणलेल्या मजुराच्या श्वासावर नियंत्रण कोण ठेवणार?

तिसऱ्या मुद्द्याची मला सर्वांत जास्त चीड येते. मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग बहुधा 20 ते 40 वर्षांनी डोके वर काढतो. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये या उद्योगाला कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान 40 वर्षे ठेवायला सांगितले. पण नाक्यावरच्या मजुराचे नाव कुठल्या मस्टरवर असते? म्हातारपणी धाप लागली, तर तीस वर्षांपूर्वी काय काम करत होतास, हे त्याला कोण विचारते? आधी नोंद ठेवायची नाही आणि मग रुग्ण दाखवा म्हणायचे, हा शुद्ध अन्याय आहे.

ब्रिटनने 1999 मध्ये बंदी घातली. शतकाहून अधिक काळ खाणी चालवलेल्या कॅनडानेही 2018 मध्ये घातली. आपण खाणींचे परवाने थांबवले, आयात मात्र चालू ठेवली. गरिबाला स्वस्त छप्पर हवेच, पण अॅसबेस्टॉस नसलेले फायबर सिमेंटचे आणि लोखंडी पत्रे बाजारात मिळतात. सरकारने आयात थांबवावी आणि घरकुलाच्या अनुदानात या पत्र्यांचा वाढीव खर्च धरावा.

तोवर घरचे जुने पत्रे काढताना ते फोडू नका. पाणी मारून ओले करा, अखंड उतरवा, पूड ओल्या फडक्याने पुसा आणि मुलांना लांब ठेवा.