साखळीचे गणित आणि अखेरची पंधरा मिनिटे

विश्वचषक हॉकी स्पर्धेत १९ जानेवारी २०२३ रोजी भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर भारतीय संघ वेल्सविरुद्ध उतरला, तेव्हा प्रेक्षागारात बसलेल्या आणि दूरचित्रवाणीसमोर खिळलेल्या प्रत्येक हॉकीरसिकाच्या मनात एकच आकडा घोळत होता : आठ. इंग्लंडने त्याच दिवशी स्पेनचा ४-० असा फडशा पाडला होता. गटात दोन्ही संघांचे गुण सारखे होणार हे गृहीत धरले तर गोलफरकावर इंग्लंडला मागे टाकण्यासाठी भारताला आठ गोलांच्या फरकाने विजय हवा होता. प्रत्यक्षात पहिलाच विश्वचषक खेळणाऱ्या वेल्सने ०-२ अशा पिछाडीवरून २-२ अशी बरोबरी साधून यजमानांच्या तोंडचे पाणी पळवले. भारत अखेर ४-२ असा जिंकला, पण गटात दुसरा आला. उपांत्यपूर्व फेरीचे थेट तिकीट हुकले आणि न्यूझीलंडविरुद्ध ‘क्रॉसओव्हर’चा जादा सामना खेळण्याची पाळी आली. त्या सामन्यात काय झाले, हे सर्वज्ञात आहे. ३-३ बरोबरी, शूटआऊटमध्ये ४-५ असा पराभव आणि मायदेशातील स्पर्धेत अर्जेंटिनासमवेत संयुक्त नववा क्रमांक.

पराभवानंतर जे विवेचन झाले, त्यात गोलफरकाच्या या गणिताला मोठेच स्थान मिळाले. वेल्सवर आणखी गोल चढवले असते, इंग्लंडविरुद्धची गोलशून्य बरोबरी विजयात बदलली असती, तर तो जादा सामनाच टळला असता, असा सूर होता. चाहत्यांच्या दृष्टीने हे स्वाभाविक आहे. साखळीतील गणित मांडण्याचा आनंद वेगळाच असतो आणि त्यात दोष वाटून घेण्याची सोयही असते. परंतु हा युक्तिवाद वस्तुस्थितीच्या कसोटीवर टिकत नाही.

२०२३ चे विश्वविजेतेपद जर्मनीने पटकावले. हा जर्मन संघही आपल्या गटात दुसराच होता. बेल्जियमचे आणि त्याचे गुण समान होते. गोलफरकावर बेल्जियम वरचढ ठरला. जर्मनीलाही क्रॉसओव्हर खेळावा लागला आणि त्याने फ्रान्सला ५-१ असे लोळवले. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध आणि उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवरून हा संघ जिंकला. आणखी पाच वर्षे मागे जावे. २०१८ मध्ये भुवनेश्वरलाच झालेल्या विश्वचषकात भारत आणि बेल्जियम यांचे गुण सात-सात होते. त्या वेळी गोलफरकाने भारताच्या पारड्यात माप टाकले. दक्षिण आफ्रिकेवर ५-० आणि कॅनडावर ५-१ अशा विजयांनी भारत गटात अव्वल ठरला आणि थेट उपांत्यपूर्व फेरीत गेला. बेल्जियमने पाकिस्तानविरुद्ध जादा सामना खेळला, तो ५-० असा जिंकला आणि पुढे विश्वचषकही उंचावला. भारत मात्र नेदरलँड्सकडून १-२ असा पराभूत होऊन घरी बसला. सलग दोन स्पर्धांचे विजेते जादा सामन्याच्या वाटेनेच आले, याकडे आपल्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

तेव्हा प्रश्न साखळीचा नाही. बाद फेरीचा आहे. १९७५ मध्ये क्वालालंपूर येथे अजितपाल सिंगच्या संघाने पाकिस्तानला २-१ असे नमवून विश्वचषक जिंकला. त्यानंतर २०२३ पर्यंत एकदाही भारताला या स्पर्धेची उपांत्य फेरी दिसली नाही. ऑलिम्पिकमध्ये टोकियो आणि पॅरिस येथे सलग दोन कांस्यपदके मिळवणारा संघ विश्वचषकात अंतिम चौघांत येत नाही, हे कोडे वरवर चमत्कारिक वाटते. पण या दोन्ही स्पर्धांतील बाद फेरीचे सामने एकापाठोपाठ एक मांडून पाहिले, की पराभवाला एक ठरावीक वेळ असल्याचे आढळते.

हॉकीचा सामना आता पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार सत्रांत खेळला जातो. ४६ व्या मिनिटापासून सुरू होणारे चौथे सत्र भारताला वारंवार भोवले आहे. २०१८ मध्ये नेदरलँड्सचा निर्णायक गोल ५० व्या मिनिटाला झाला. टोकियोच्या उपांत्य सामन्यात तिसऱ्या सत्राअखेर बेल्जियमशी २-२ बरोबरी होती. चौथ्या सत्रात तीन गोल पडले आणि सामना २-५ असा गेला. २०२३ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध भारत आधी २-० आणि नंतर ३-१ असा पुढे होता. बरोबरीचा गोल ४९ व्या मिनिटाचा. पॅरिसच्या उपांत्य सामन्यात २-२ अशी कोंडी फोडणारा जर्मनीच्या मार्को मिल्टकाऊचा गोल ५४ व्या मिनिटाचा. चार स्पर्धा, चार वेगवेगळे प्रतिस्पर्धी, भारताचे तीन वेगवेगळे प्रशिक्षक. घड्याळाचा काटा मात्र त्याच पंधरा मिनिटांत अडकलेला.

यावर भारतीय खेळाडू मनाने कच खातात, असे ठरावीक उत्तर दिले जाते. हे उत्तर आळशीपणाचे आहे. पॅरिसमध्येच न्यूझीलंडविरुद्धचा विजयी गोल आणि अर्जेंटिनाविरुद्धचा बरोबरीचा गोल हरमनप्रीत सिंगने ५९ व्या मिनिटाला केला होता. टोकियोत कांस्यपदकाच्या लढतीत जर्मनीविरुद्ध १-३ अशा पिछाडीवरून भारताने ५-४ अशी बाजी मारली. आणि ग्रेट ब्रिटनविरुद्धचा पॅरिसचा उपांत्यपूर्व सामना तर कोणत्याही देशाच्या हॉकीच्या इतिहासात मानाने नोंदवावा असा. १७ व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले. उरलेली सुमारे त्रेचाळीस मिनिटे दहा जणांनी तो गड लढवला, १-१ बरोबरी राखली आणि शूटआऊटमध्ये ४-२ असा विजय मिळवला. मनाने दुबळे असणाऱ्यांचे हे काम नव्हे.

खरे दुखणे तांत्रिक आहे. ते बचावातील पेनल्टी कॉर्नरशी निगडित आहे. २०१८ मधील मिंक व्हॅन डर वीर्डेनचा गोल पेनल्टी कॉर्नरवरचा. टोकियोत अलेक्झांडर हेंड्रिक्सने भारतावर तीन गोल चढवले. पेनल्टी कॉर्नर आणि पेनल्टी स्ट्रोक हीच त्याची हत्यारे. न्यूझीलंडचे शेवटचे दोन गोलही पेनल्टी कॉर्नरवरच आले. थकलेला बचावपटू डी-मध्ये अर्धे पाऊल उशिरा पोहोचतो, चेंडूऐवजी प्रतिस्पर्ध्याच्या स्टिकवर किंवा पायावर जातो आणि पंचांचा हात गोलपोस्टकडे वळतो. युरोपीय संघ हे जाणून असतात. अखेरच्या सत्रात ते गोलवर फटका मारण्यापेक्षा चेंडू बचावपटूच्या पायावर मारून कॉर्नर कमावण्याचा डाव रचतात. २०१८ च्या पराभवानंतर तत्कालीन प्रशिक्षक हरेंद्र सिंग यांनी पंचगिरीवर उघड नाराजी व्यक्त केली होती. ती काही अंशी रास्त असेलही. पण चार-चार स्पर्धांचे खापर पंचांवर फोडता येत नाही.

पेनल्टी कॉर्नरच्या वेळी गोलरक्षकासह पाचच जणांना गोलरेषेमागे उभे राहता येते. त्यातला पहिला धावणारा खेळाडू ड्रॅग फ्लिक मारणाऱ्याच्या अंगावर जवळपास झेपच घेतो. जिवावरचे काम आहे ते. भारतासाठी वर्षानुवर्षे हे काम करणारा रोहिदास लाल कार्डानंतरच्या बंदीमुळे जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात खेळू शकला नाही. सोळाऐवजी पंधराच खेळाडू हाताशी होते. त्या सामन्यातला जर्मनीचा पहिला गोल गोन्झालो पेलाटने पेनल्टी कॉर्नरवर केला, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. एका खेळाडूच्या अनुपस्थितीने बचावाची वीण उसवते, याचा अर्थ दुसरी फळी तयार नव्हती.

हेच अवलंबित्व आक्रमणातही दिसते. पॅरिसमध्ये भारताने आठ सामन्यांत १५ गोल केले. त्यातील १० एकट्या हरमनप्रीतचे. मैदानी गोल अवघे तीन. हरमनप्रीत स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला, त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच. पण प्रतिस्पर्ध्यांनी त्याचा अभ्यास केला की भारताची धार बोथट होते. विश्वचषक २०२३ मध्ये नेमके तेच घडले होते. त्याच स्पर्धेत मांडीच्या स्नायूच्या दुखापतीने हार्दिक सिंग बाहेर गेल्यावर मधल्या फळीतून आघाडीला मिळणारी रसद आटली, तीही जोडून लक्षात घ्यावी.

ग्रॅहम रीड यांच्या राजीनाम्यानंतर २०२३ मध्ये संघाची सूत्रे हाती घेणाऱ्या क्रेग फुल्टन यांनी बचावाच्या पायावर विजय रचण्याचे धोरण अवलंबले. त्याची फळे पॅरिसला मिळाली. मात्र जून २०२५ मध्ये प्रो लीगच्या युरोप दौऱ्यात संघाने सलग सात सामने गमावले. नेदरलँड्स, अर्जेंटिना आणि ऑस्ट्रेलिया यांच्याकडून प्रत्येकी दोनदा, आणि एकदा बेल्जियमकडून. यांपैकी सहा पराभव एकेका गोलाचे होते. नेदरलँड्सविरुद्धचे दोन्ही सामने तर अखेरच्या काही मिनिटांत हातचे गेले. नऊ संघांच्या प्रो लीगमध्ये भारत आठवा आला. एका गोलाने हरणे म्हणजे जवळजवळ जिंकणे, अशी समजूत करून घेणारे चाहते या पराभवांकडे आशेने पाहतात. सहा वेळा एकाच प्रकारे हरलेला संघ जवळ पोहोचला आहे की तिथेच अडला आहे, हा प्रश्न ते सोयीस्करपणे टाळतात.

दिलासा आला तो सप्टेंबर २०२५ मध्ये, बिहारमधील राजगीर येथून. आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला ४-१ असे हरवून चौथ्यांदा हा चषक जिंकला आणि २०२६ च्या विश्वचषकातील स्थान निश्चित केले. विजयापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे गोल कसे झाले ते. सुखजीत सिंगने पहिल्याच मिनिटात खाते उघडले, दिलप्रीत सिंगने दोन गोल केले, आणि चौथा पेनल्टी कॉर्नरवर रोहिदासने. हरमनप्रीतच्या नावावर एकही गोल नसताना भारताने मोठा अंतिम सामना जिंकला, ही बदलाची खूण मानायला हरकत नाही. अर्थात राजगीरला समोर आशियाई संघ होते आणि पाकिस्तान स्पर्धेत उतरलाच नव्हता. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुलतान अझलन शाह चषकाच्या अंतिम सामन्यात, हरमनप्रीतविना खेळणाऱ्या भारताला बेल्जियमने १-० असे रोखले, तेव्हा मैदानी गोलांचा तो झरा पुन्हा आटलेला दिसला.

दुसरी चिंता गोलरक्षणाची. पी. आर. श्रीजेश पॅरिसनंतर निवृत्त झाला. दीड दशकाहून अधिक काळ संघाची ही बाजू निर्धास्त होती आणि बरोबरी झाली तर शूटआऊटमध्ये आपलाच संघ जिंकणार, असा विश्वास वाटायचा. हा विश्वास किती मोलाचा होता, ते न्यूझीलंडविरुद्ध दिसले होते. शूटआऊट रंगात आला असताना श्रीजेशला दुखापत झाली आणि कृष्ण पाठकला गोलमध्ये उभे राहावे लागले. पाठक हा गुणी गोलरक्षक आहे. आशिया चषकात त्याच्या जोडीला मुंबईचा सूरज करकेरा होता. या दोघांनी बरीच वर्षे श्रीजेशच्या सावलीत काढली. आंतरराष्ट्रीय अनुभव म्हणावा तर आहे, पण बाद फेरीच्या शूटआऊटचा फारसा नाही, आणि तो सरावात मिळत नाही.

महाराष्ट्राला या कोड्याचा एक जुना कोपरा परिचयाचा आहे. १९८२ चा विश्वचषक मुंबईत झाला. चर्चगेटच्या मैदानावर भारत पाचवा आला. उपांत्य फेरी तेव्हाही हुकली. खडकीत घडलेला धनराज पिल्ले १९९० ते २००२ या काळात चार विश्वचषक खेळला. त्याच्या पिढीला कौशल्यात कुणी नावे ठेवली नाहीत. तरीही १९९४ चा सिडनीतील पाचवा क्रमांक हीच तिची मजल. त्या काळी पेनल्टी कॉर्नरवर गोल करणारा भरवशाचा खेळाडू नसल्याची हळहळ व्यक्त होत असे. आज तो खेळाडू आहे, आणि त्याच्यावरच सारा भार पडतो अशी हळहळ आहे!

२०२६ च्या ऑगस्टमधील विश्वचषकाचे यजमानपद नेदरलँड्स आणि बेल्जियम यांच्याकडे. म्हणजे पॅरिसचा सुवर्णविजेता आणि भारताला टोकियोत रोखणारा संघ, दोघेही आपापल्या प्रेक्षकांसमोर. जर्मनी आणि ऑस्ट्रेलिया यांना धरले तर अंतिम चौघांच्या जागांसाठी चार दावेदार आधीच उभे ठाकतात. भारताला पाचवा किंवा सहावा दावेदार म्हणणे हे वास्तवाला धरून होईल. त्याहून अधिक म्हणणे चाहत्यांचे प्रेम. पॅरिसमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ३-२ असे हरवले. १९७२ नंतरचा ऑलिम्पिकमधील तो ऑस्ट्रेलियावरचा पहिला विजय, हे ध्यानात घेता उपांत्य फेरी आवाक्याबाहेरची नाही. विजेतेपदाची भाषा मात्र ४६ ते ६० या मिनिटांत भारत किती पेनल्टी कॉर्नर देतो, हे पाहूनच करावी.

स्पर्धेचे एक केंद्र ॲमस्टेलव्हीन. १९७३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना याच गावी झाला होता. सुरजित सिंगच्या दोन गोलांनी भारत नेदरलँड्सविरुद्ध २-० असा पुढे होता. यजमानांनी बरोबरी साधली, जादा वेळेत भारताचा एक पेनल्टी स्ट्रोक वाया गेला आणि स्ट्रोक्सवर सामना गेला.