गिटारवर फोडलेलं खापर

पेंड्युलम या ऑस्ट्रेलियन बँडचं ‘प्रोपेन नाइटमेअर्स’ हे सिंगल २००८ साली आलं आणि ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेलं. तेव्हापासून ड्रम अँड बेसचे कट्टर चाहते एकच ठपका उगाळत आहेत : यांनी गिटार घुसवली, गाणारा आणला, आमचं संगीत बाटवलं. विहिरीत पाव टाकला की अख्खं गाव बाटतं, त्याच जातीचा हा युक्तिवाद आहे. मला तो चुकीचा वाटतोच, शिवाय सोयीचाही वाटतो.

ज्यांनी हे गाणं ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुरुवातीला लढाईची हाक द्यावी तशी तुतारी, मग मिनिटाला पावणेदोनशेच्या आसपास ठोके टाकणारे ड्रम, त्यांच्यावर मेटलच्या वळणाची गिटार आणि रॉब स्वायरचा आवाज. ड्रम धावतात, आवाज मात्र त्याच्या निम्म्या लयीत चालतो. ठाय आणि दुगुन एकाच वेळी कानावर पडाव्यात, तसं. ही दुहेरी लय पेंड्युलमची नव्हे, ती ड्रम अँड बेसचा पायाच आहे. त्यामुळेच त्यावर रॉकचं गाणं बसू शकलं. निम्मी लय रॉकच्या ओळखीचीच होती.

आणि गिटार पहिल्यांदा यांनीच आणली, असंही नाही. १९९७ साली अपोलो ४४० या बँडने व्हॅन हेलनच्या गिटारवर या शैलीचे ठोके चढवून गाणं गाजवलं होतं. मेटलहेड्झ हे लेबल उभारणाऱ्या गोल्डीने आपल्या ‘टेम्पर टेम्पर’मध्ये चक्क ओएसिसच्या नोएल गॅलेगरला गिटार वाजवायला बोलावलं. रोनी साइझच्या चमूने खराखुरा ड्रमर आणि डबल बेस सोबत घेतला आणि १९९७चं मर्क्युरी पारितोषिक मिळवलं. मग दहा वर्षांनी सोवळं आठवण्याचं कारण काय?

आता मूळ मुद्दा. हे संगीत मुळात ‘इलेक्ट्रॉनिक’ आहे, ही समजूतच अर्धी खोटी आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या द विन्स्टन्स या गटाने एका तबकडीच्या मागच्या बाजूला ‘आमेन, ब्रदर’ नावाची वाद्यरचना टाकली. तिच्यात सुमारे सात सेकंद बाकी सगळे थांबतात आणि ग्रेगरी कोलमन एकटा ड्रम वाजवतो. चार आवर्तनं, बस. ती सात सेकंदं सॅम्पलरमध्ये घालून, वेग वाढवून, तुकडे करून, उलटसुलट जोडून ब्रिटनमध्ये आधी जंगल आणि मग ड्रम अँड बेस उभं राहिलं. म्हणजे ज्याला शुद्ध यंत्रसंगीत म्हणतात, त्याच्या पोटात एका हाडामांसाच्या माणसाचे हात आहेत. त्या हातांना रॉयल्टीचा छदामही मिळाला नाही. २००६ साली कोलमन अटलांटात वारला, तेव्हा त्याला राहायला घर नव्हतं. गटप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी ब्रिटिश डीजेंनी वर्गणी काढली ती २०१५ साली, जमले २४,००० पौंड. एका अख्ख्या संगीतशैलीचं हे भाडं.

या पार्श्वभूमीवर पेंड्युलमकडे पाहा. स्टुडिओत त्यांनी ड्रम कितीही संगणकावर घडवलेले असोत, मंचावर मात्र पॉल कोडिश नावाचा ड्रमर घामाघूम होऊन ते वाजवत होता. हा कोडिश आधी अपोलो ४४० मध्येच होता. रॉकने इथे काय आणलं? वाजवणारा माणूस लोकांसमोर आणला. ज्या संगीताने ड्रमरला डबीत बंद केलं होतं, त्याच संगीताच्या मंचावर ड्रमर परत दिसू लागला. याला बाटणं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

दोन आक्षेप मात्र मला मान्य आहेत. गिटारचा मधल्या पट्टीतला कल्लोळ बेसची जागा खातो. जमैकन साउंड सिस्टीमकडून आलेला, छातीत घुमणारा तो खर्ज इथे दबून जातो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर. लंडन-ब्रिस्टलच्या कॅरिबियन वस्त्यांनी वाढवलेलं संगीत गिटारचा पोशाख घालून आलं की मोठ्या कंपन्यांना आणि महोत्सवांना एकदम जवळचं वाटू लागतं. यावर भांडा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण हे भांडण हक्काचं आणि पैशाचं आहे, शुद्धतेचं नव्हे.

आपल्यालाही हा खेळ नवा नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती तीन दशकं टिकली. पेटीतून मींड निघत नाही, हा आक्षेप खराच होता. पण तोवर नाट्यसंगीत ऑर्गन-पेटीच्या सुरांवर वाढून महाराष्ट्राच्या घराघरात पोचलं होतं. पेटी परकी की आपली, यावर पुष्कळ शाई सांडली. पेटीवाल्याला बिदागी किती मिळते, यावर तेवढी सांडल्याचं निदान माझ्या वाचनात नाही.

शुद्धतेचा वाद असाच स्वस्त पडतो. त्यात कुणाला काही द्यावं लागत नाही. तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘हे खरं ड्रम अँड बेस नव्हे’ म्हणालं, तर मी एवढंच विचारणार : बरं, तुमच्या खऱ्या गाण्यात ड्रम कोणी वाजवलेत, आणि त्याला किती पैसे मिळाले?