गोजिराला कात्री कुठे लागली?

‘सिनेमा म्हणजे समाजाचा आरसा’ हे वाक्य परिसंवादांत इतकं घासून गुळगुळीत झालंय की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटतच नाही. संकटकाळी लोकांची भीती पडद्यावर आपोआप उमटते, हा या मंडळींचा पूर्वपक्ष. दुसरा गट व्यवहारी: भीती खपते म्हणून निर्माते ती विकतात, बाकी सारा समीक्षकांचा खटाटोप. १९५४ च्या जपानी ‘गोजिरा’पाशी, म्हणजे आपल्या ओळखीच्या गोझिलापाशी, दोघेही अडखळतात.

आरसाच असता तर हिरोशिमाची भीती लगेच दिसायला हवी होती. पण पराभवानंतर जपानवर अमेरिकी अंमल आला आणि अणुबॉम्बविषयी काय छापावं, काय दाखवावं, हे सेन्सॉर ठरवू लागला. भीती होती, तोंड उघडायची सोय नव्हती.

अंमल १९५२ मध्ये संपला. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनीपाशी हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि ट्यूना पकडणाऱ्या एका जपानी बोटीवर किरणोत्सारी राख पडली. बोटीवरचे २३ जण आजारी पडले. रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरात दगावला. नोव्हेंबरात ‘गोजिरा’ लागला. सुरुवातीलाच जहाजावर खलाशी निवांत बसलेत, एकजण गिटार छेडतोय आणि समुद्र लख्खकन पेटतो. कुठलं जहाज, हे त्या प्रेक्षकांना सांगावं लागलं नसणार.

चित्रपट धंद्यासाठी काढला, हे कबूल. तोहो कंपनी काही धर्मादाय संस्था नव्हती. रबरी पोशाखात माणूस कोंबून खेळण्यातलं तोक्यो तुडवलंय, तेही दिसतं. पण नुसता राक्षसच विकायचा, तर आगगाडीतला तो प्रसंग कशाला? एक बाई कुरकुरते: आधी ते किरणोत्सारी मासे, आता हा गोजिरा, नागासाकीतून वाचले ती यासाठी का? सोबतच्यांना पुन्हा घरदार सोडून पळायची चिंता. सूर मात्र पाणीकपातीबद्दल बोलावं तसा. माझ्या मते चित्रपटातली खरी भीती इथे आहे. दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धावरून परतताना उद्ध्वस्त हिरोशिमा पाहून आले होते. भीती कुणामुळे, कशामुळे, याचा पत्ता ते पडद्यावर लिहून देतात. त्याला प्रतिबिंब म्हणत नाहीत, साक्ष म्हणतात.

१९५६ मध्ये अमेरिकेत हाच चित्रपट रेमंड बर हा नट मध्ये घुसवून दाखवला गेला. आगगाडीतलं ते बोलणं गेलं. अखेरीस म्हातारा शास्त्रज्ञ अणुचाचण्यांबद्दल इशारा देतो, तोही गेला. राक्षसाची तोडफोड राहिली, आणि ती आवृत्तीही चालली. म्हणजे गल्ल्यासाठी ती कुरकुर लागत नव्हतीच. होंडांनी ती तरीही ठेवली होती.