साडीतला पॉप

मुलीचा आवाज म्हटला की तो नाजूक आणि मंजुळच हवा, अशी आपल्याकडे समजूत. मुंबईत भायखळ्याच्या सेंट अ‍ॅग्नेस शाळेत शिकणाऱ्या उषा सामी या तामिळ मुलीचा आवाज मात्र जाड, भरदार होता. इतर मुलींच्या आवाजात तो मिसळेना, म्हणून संगीताच्या वर्गातून तिला चक्क बाहेर काढण्यात आले. पण या मुलीत सूर-ताल आहे, हे बाईंनी ओळखले होते. त्यांनी तिच्या हाती वाजवायला ट्रँगल दिला.

हीच मुलगी पुढे उषा उथुप म्हणून देशभर गाजली.

१९४७ साली जन्मलेल्या उषाचे वडील पोलीस खात्यात होते. तिला गाण्याचे रीतसर शिक्षण मिळाले नाही, पण घरात रेडिओ होता. त्यावर पाश्चात्त्य संगीताबरोबर बडे गुलाम अली खाँ आणि किशोरी आमोणकरही ऐकले जात. मोठ्या बहिणी गात असत. नवव्या वर्षी अमीन सयानींच्या कार्यक्रमातून उषाचा आवाज रेडिओ सिलोनवर पोहोचला.

खरी सुरुवात झाली १९६९ मध्ये, चेन्नईच्या माउंट रोडवरील 'नाइन जेम्स' नाइट क्लबमध्ये. अशा ठिकाणची गायिका म्हणजे झगमगीत गाऊन, हे ठरलेलेच. उषा मात्र घरी नेसायची तशी साडी नेसून उभी राहिली आणि पॉप, जॅझ गाऊ लागली. गाणे इतके रंगले की मालकाने तिला आठवडाभर ठेवून घेतले. मग मुंबईचे 'टॉक ऑफ द टाउन' आणि कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील 'ट्रिंकाज'. याच 'ट्रिंकाज'मध्ये त्यांना जीवनसाथी जानी उथुप भेटले आणि पुढे कोलकाता हेच घर झाले.

दिल्लीत गाताना देव आनंद यांच्या 'नवकेतन'च्या मंडळींनी त्यांना ऐकले. त्यातून 'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) मिळाला. पुढे राहुलदेव बर्मन आणि बप्पी लाहिरी या दोघांनीही या आवाजाचा ठसका पुरेपूर वापरला. 'शान', 'अरमान', 'डिस्को डान्सर' हे चित्रपट आठवले की तो आवाजही आठवतो.

मात्र ज्या शहराला त्यांनी आपले मानले, तिथेच कसोटीचा प्रसंग आला. १९८० च्या दशकात पश्चिम बंगालचे बांधकाम मंत्री जतीन चक्रवर्ती यांनी त्यांचे गाणे म्हणजे 'अपसंस्कृती' असे ठरवले. सरकारी सभागृहाचे दरवाजे बंद झाले. गाण्यावरच पोट असलेल्या कलावंतासाठी हा घाव लहान नव्हता. शहर सोडून जाणे सोपे होते. उषाताई न्यायालयात गेल्या आणि जिंकल्या.

कोलकात्यावर मात्र त्यांनी राग धरला नाही. कांजीवरम साडी, केसांत फुले आणि कपाळावरच्या ठसठशीत टिकलीत बंगाली अक्षर 'क', कोलकात्याचा 'क'!

'सात खून माफ'मधील गाण्यासाठी रेखा भारद्वाज यांच्यासह फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. २०११ मध्ये पद्मश्री, २०२४ मध्ये पद्मभूषण असे मानही आले. त्याच वर्षी जुलैमध्ये जानी उथुप यांचे निधन झाले.

शाळेत ज्या आवाजाला जागा नव्हती, तो त्यांनी कधी बारीक केला नाही. पदरही बदलला नाही. बदलली ती ऐकणाऱ्यांची सवय.