प्रभावना आपली आणि त्यांची



चर्चच्या बायका प्रचाराला दारात आल्या की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. एक तर दार धाडकन लावलं जातं. नाहीतर पत्रक हातात घेऊन "हो हो, देव एकच" म्हणत त्यांची बोळवण होते, आणि त्या जिना उतरल्या की मागे नको ते बोललं जातं. बस्तीत स्वाध्यायानंतर हा विषय निघाला तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, "यांच्याशी बोलायचंच कशाला?" मला वाटतं, बोलावं, आणि नीट बोलावं.

मुळात प्रचार म्हणजे पाप, असं आपल्याला म्हणता येत नाही. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांतलं शेवटचं अंग प्रभावना. सोळाकारण भावनांतही मार्गप्रभावना आहे. पंचकल्याणकाची मिरवणूक भर चौकातून जाते, प्रवचनाला कर्णे लागतात, ते काय फक्त आपल्या कानांसाठी? राज्यघटनेच्या २५व्या कलमाने धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला, तो आपल्याला आणि त्यांना सारखाच. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला मर्यादाही घातली: प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. सांगणाऱ्याने सांगावं, ठरवायचं ऐकणाऱ्याने.

इंद्रभूती गौतम महावीरांकडे आले ते शिष्य व्हायला नव्हे. विद्येचा ताठा घेऊन वाद जिंकायला आले. मानस्तंभ पाहून तो ताठा गळाला, असं आपली परंपरा सांगते. अकराही गणधर जन्माने ब्राह्मण. म्हणजे आपला संघच मुळी पटलं म्हणून वाट बदललेल्या माणसांनी उभा केला. धर्म बदलणारी प्रत्येक व्यक्ती फसलेलीच असते, असं म्हणण्याआधी गौतमस्वामी आठवावेत.

पण म्हणून "सगळं एकच" म्हणून मान डोलवायची का? नाही. अनेकांतवादाचा तो अर्थच नव्हे. ख्रिस्ती भगिनी म्हणते, येशूने आपल्या पापांचं ओझं स्वतःवर घेतलं, विश्वास ठेव, क्षमा मिळेल. आपण म्हणतो, आपलं कर्म आपणच भोगायचं किंवा तपाने त्याची निर्जरा करायची. तीर्थंकरसुद्धा ते उचलून घेत नाहीत, वाट दाखवतात. हा फरक मोठा आहे. तो तिला शांतपणे सांगणं म्हणजे तिचा अपमान नाही. उलट तिचं म्हणणं लक्षपूर्वक ऐकल्याशिवाय तो सांगताच येत नाही.

माझी हरकत एका गोष्टीला आहे, आणि ती मी तोंडावर सांगते. दुबळ्या क्षणी माणसाला गाठू नये. आजारी माणसाच्या उशाशी प्रार्थना करायची तर आधी त्याला विचारावं. फी, औषध, धान्य देताना त्याला श्रद्धेची अट जोडू नये. मात्र सेवा दिसली की आमिषच असणार, हेही मला मान्य नाही. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलं. सांगली-कोल्हापूरकडच्या आपल्या कितीतरी घरांतली बाळंतपणं, ऑपरेशनं तिथे झाली, आणि त्या घरांत आजही णमोकार म्हटला जातो.

आणि दबावाचंच बोलायचं तर, मुंबईत भाडेकरूच्या स्वयंपाकघरात काय शिजतं ते विचारून घर नाकारणारे आपलेही लोक आहेत. "आम्ही कुणावर काही लादत नाही" हे वाक्य माझ्या तोंडात जरा अडखळतं.

कसं बोलावं याचा दाखला हवा असेल तर वीरचंद राघवजी गांधींचा घ्या. १८९३ च्या शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचं निमंत्रण आत्मारामजी महाराजांना होतं. मुनींना आगबोटीचा प्रवास वर्ज्य, म्हणून एकोणतीस वर्षांचे वीरचंदभाई गेले. तिथे एका पाद्रीसाहेबांनी भारतातल्या देवळांतल्या स्त्रियांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले. टीका जैनांवर नव्हती. वीरचंदभाई गप्प बसले असते तरी चाललं असतं. ते उठले आणि हिंदू शेजाऱ्यांच्या बाजूने भर सभेत उत्तर दिलं. मला त्यातलं हेच आवडतं, की ते आपल्यापुरतं नव्हतं. मग चर्चमध्ये जाणाऱ्या शेजारणीबद्दल जिन्यात काहीबाही बोललं जातं तेव्हा आपल्यातली कोण उठते?

तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात परनिंदा आणि आत्मप्रशंसा ही नीच गोत्राच्या आस्रवाची कारणं म्हणून सांगितली आहेत. दरवर्षी दशलक्षणात आपण ते वाचतो आणि पुढच्या सूत्राकडे वळतो.

वहिनींना मी एवढंच सुचवलं: पुढच्या वेळी दार उघडा, पाणी द्या, आणि तिला विचारा की तुला हे कसं पटलं? मग तिनेही आपल्याला तेच विचारलं तर? वहिनी म्हणाल्या, "तिथेच तर घोडं अडतं गं. आपल्याला पाठ आहे, सांगता कुठे येतं?" यंदा उत्तम सत्याच्या दिवशी दुपारचा स्वाध्याय याच प्रश्नावर ठेवायचा, असं आम्ही ठरवलं आहे. पहिलं उत्तर वहिनी देणार आहेत.