शहराचे बोधचिन्ह : रेष कुणाची, हक्क कुणाचा?

लखनौ – नवाब आसफउद्दौलाने १७७५ मध्ये अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला आणली. त्या घटनेला २०२५ मध्ये अडीचशे वर्षे झाली. अशा वर्धापनाच्या निमित्ताने नागरिकांकडून बोधचिन्ह मागवण्याची आणि विजेत्याला रोख पारितोषिक देण्याची प्रथा देशात आता रुळली आहे. गोमतीकाठच्या या शहराने ती अनुसरायचे ठरवल्यास कोणते चित्र निवडावे, यापेक्षा ते कोणत्या अटींवर घ्यावे हा प्रश्न अधिक अवघड ठरेल.

चित्रांची ददात लखनौला नाही. नवाबी काळातील दरवाजांवर आजही माशांची जोडी दिसते. तिचे नाते मोगल दरबारातील ‘माही मरातब’ या सन्मानाशी जोडले जाते. मराठ्यांच्या इतिहासातही हा शब्द परिचित आहे. नवाबी संपली, पण मासे टिकले. उत्तर प्रदेशच्या राजमुद्रेत धनुष्यबाण आणि संगमाच्या लाटांसोबत त्यांना स्थान मिळाले. मात्र ते मूळचे कोणी रेखाटले, याची आठवण शहराने ठेवलेली नाही.

अलीकडची चिन्हे तरी याला अपवाद आहेत काय? रुपयाच्या चिन्हासाठी झालेल्या स्पर्धेत तीन हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या. डी. उदय कुमार यांच्या रचनेला १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. पारितोषिक होते अडीच लाख रुपये. चार वर्षांनी स्वच्छ भारत अभियानासाठी गांधीजींच्या चष्म्याचे बोधचिन्ह निवडले गेले, ते कोल्हापूरचे अनंत खासबारदार यांचे. महात्मा गांधी नव्या मालिकेच्या नोटांवर आज ही दोन्ही चिन्हे एकत्र नांदतात. खिशातील त्या कागदावर स्पर्धेतून आलेली दोन चित्रे आहेत, हे किती जणांना ठाऊक असेल?

विजेत्याला निदान नाव आणि रक्कम मिळते. उरलेल्या हजारोंचे श्रम मात्र विनामोबदला जातात, आणि व्यावसायिक रचनाकारांचा खरा आक्षेप आहे तो यावर. कॅनडाने २०१७ मधील आपल्या १५०व्या वर्धापनासाठी विद्यार्थ्यांची स्पर्धा घेतली, तेव्हा तेथील रचनाकारांच्या संघटनेने याच मुद्द्यावर उघड विरोध नोंदवला. पाच हजार डॉलरमध्ये राष्ट्रीय चिन्ह मिळवणे ही काटकसर नव्हे, कौशल्याचे अवमूल्यन आहे, असा त्या विरोधाचा रोख होता. आक्षेप रास्त आहे. तरीही खुली स्पर्धा सर्वस्वी त्याज्य ठरत नाही. टोकियो ऑलिंपिकचे पहिले बोधचिन्ह साहित्यचौर्याच्या आरोपानंतर सप्टेंबर २०१५ मध्ये मागे घ्यावे लागले. तेव्हा आयोजकांनी सर्वांसाठी स्पर्धा खुली केली आणि १४ हजारांवर प्रवेशिकांतून नवे चिन्ह निवडले. लोकांचा विश्वास परत मिळवायला तोच मार्ग उरला होता.

भारतातील कायदा या बाबतीत स्पर्धांच्या नियमावल्यांपेक्षा अधिक उदार आहे. ‘सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ असे एक वाक्य लिहून अनेक नियमावल्या मोकळ्या होतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १९ मात्र हक्क हस्तांतरासाठी देणाऱ्याच्या स्वाक्षरीचा लेख मागते, आणि मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षेच धरते. कलम ५७ नुसार, हक्क विकल्यानंतरही कृती आपली असल्याचे सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. विज्ञान भवनातून काढलेल्या भित्तिशिल्पाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्या बाजूने निकाल देताना याच कलमाचा आधार घेतला होता.

लखनौला हे पटवून देणे कठीण जाऊ नये. येथील चिकनकारीला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते नक्कल करणाऱ्यांपासून कारागिरांचे नाव वाचावे म्हणूनच. न निवडलेल्या प्रवेशिकांचे हक्क कर्त्यांकडेच राहतील, अंतिम फेरीत पोहोचलेल्या प्रत्येकाला मानधन मिळेल, परीक्षकांत रचनाकार असतील आणि चिन्ह जेथे अधिकृतपणे प्रसिद्ध होईल तेथे कर्त्याचे नाव छापले जाईल, एवढ्या अटी नियमावलीत घालायला पारितोषिकाची रक्कम वाढवावी लागत नाही.